गाडीचा पत्रा आणि तुझा तळपाय

दादा, तुझ्या तळपायावरचा फोड तुझ्याआधी मी पाहिला. अकोटला तुझ्या दारापुढे गाडी लावली, तू नेहमीसारखा अनवाणी उतरलास आणि ओट्यावर बसून पाय झटकलेस, तेव्हा. चवड्याखाली रुपयाएवढा पांढरट फुगवटा आला होता. मी विचारलं, "दादा, पायाले काय झालं?" तू पाय वळवून पाहिलास आणि म्हणालास, "काई नाई वं, चप्पल लागली असन." चप्पल लागली नव्हती. माझ्या गाडीच्या तळानं तुला पोळलं होतं. तळ कशानं तापला तेही मला ठाऊक होतं. तरी मी "हो, असन" म्हटलं आणि वहिनीच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

परवा तुझी तेरवी झाली. आलेला प्रत्येक जण तेच सांगत होता की शुगर होती, पायाकडे लक्ष दिलं नाही, विष अंगात चढलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही, हेही सगळे म्हणत होते आणि ते खरं आहे. पण मुळात फोड आला कुठून, हे एकानंही विचारलं नाही. कोणी विचारू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. वाढताना पंगतीत कोणी "पाय" म्हटलं की मी बादली घेऊन पुढच्या ओळीकडे सरकायचे.

मला आता ऊब सहन होत नाही. उन्हानं तापलेला उंबरठा पायाला लागला तरी मी पाय मागे ओढते. रोज संध्याकाळी यांना खाटेवर बसवते आणि त्यांचे दोन्ही तळपाय उलटे करून पाहते. हे हसतात. म्हणतात, "मले शुगर नाई ना वं, कायले बैलाचे खूर पायल्यासारखं करतं!" त्यांना कसं सांगू?

आणि पल्लवीला आणायचं होतं. तुझी लाडकी भाची अकोल्यात, सातवा लागलेला, पहिलं बाळंतपण. होळीच्या आधी मामा स्वतः तुला घ्यायला येईल, असा शब्द तूच तिला दिला होतास. हे म्हणाले, भाड्याची गाडी कर. ठीक आहे, आणायला एक भाड्याची करू. पण नंतर? कळा सुरू झाल्या की चांदूर बाजारहून अमरावती गाठायची ती दारातल्या याच गाडीनं. ज्या तळानं तुझा पाय खाल्ला, त्याच तळावर पोटुशा लेकीला पाय ठेवायला लावायचे! तू गेल्यापासून मी त्या गाडीची किल्ली हातात धरली नाही.

ही गाडी तूच शोधून आणलीस. जुनी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. झेंडू, शेवंती, वांगी, कोथिंबीर, काय भरशील ते मावतं. यांचा सगळा जीव वावरात, यांना चालवायला जमेना, तेव्हा तू म्हणालास, "सुमी चालवन." आमच्या मळ्याच्या धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेनं, तू मला गाडी शिकवलीस. अख्खी आळी बघायला उभी होती. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची आणि तू खिडकीला धरून ओरडायचास, "अवं, हळू! वांगे कुटून राहिली काय!" पंधरा दिवसांत मी अमरावतीच्या भाजीबाजारात गाडी उलटी लावायला शिकले. आयुष्यात मला कोणी असं काही दिलं नाही, दादा. हे तुला एकदाही तोंडावर म्हटलं नाही.

तुझा नियम एकच, आणि तो देवाच्या नियमासारखा. गाडीत चप्पल घालून चढायचं नाही. "गाडी म्हंजे लक्ष्मी. तिच्या अंगावर चपला घालून बसतं काय कोनी?" दाराशी चपला काढायच्या, सीटमागच्या पिशवीत टाकायच्या आणि अनवाणी बसायचं. तुझ्या गॅरेजात येणारे ट्रकवाले, जीपवाले सगळे तसेच. पण तुझ्या अनवाणी बसण्यात नुसती भक्ती नव्हती. त्यात तुझी विद्या होती. गाडी गरम होते म्हणून कोणी आलं की तू बॉनेट उघडायचा नाहीस. आधी त्याच्या गाडीत बसून चार-पाच मैल जायचास, दोन्ही तळपाय तळावर सपाट टेकवून, डोळे मिटून. मला शिकवलंस तेही तसंच. "हाताले नको इचारू, हात खोटं बोलते. तळपायाले इचार. मागं गरम लागलं तं हँडब्रेक धरून राहिला. पुढं टाचीखाली लागलं तं इंजिनाकडचा नळीचा सांधा फुकते, धूर सोडते. मधात लागलं तं सायलेन्सर. उभ्या गाडीत लागते का चालतीत, वास येते का नाई, थे सांग. मंग पाना उचल."

एक उन्हाळा आठवतो का? गाडीचा तळ जरा गरम लागायला लागला तेव्हा मी फार हुशारी केली. कूलरची जुनी गवताची ताटी काढली, पाण्यात बुचकळली आणि गाडीच्या मॅटखाली अंथरली. घर थंड होतं तर गाडी का नाही होणार! पहिल्या दिवशी काय गार वाटलं म्हणून सांगू. आठव्या दिवशी तू आलास, गाडीत बसलास आणि विंचू चावल्यासारखा उठलास. मॅट उचललीस तर खाली सगळं वाळून कडकडीत झालेलं गवत, एका कडेला काळपट. ती ताटी तू रस्त्यावर भिरकावलीस आणि पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलास, "सायलेन्सरवर गंजी रचून बसली ना वं तू! पेटली असती म्हंजे!" मग आत येऊन चहा प्यालास आणि हसत सुटलास. पुढे दोन वर्षं जो भेटेल त्याला सांगत होतास की आमच्या सुमीनं गाडीले कूलर लावला.

तुझा तो हसरा राग मला चालायचा. दुसऱ्या रागाची मला भीती होती. तू सांभाळलेल्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला की तू ओरडायचा नाहीस, बोलणंच बंद करायचास. तुझ्या लहानपणच्या मित्रानं अडचणीत एकदा दुसरीकडे ब्रेक करून घेतले. तू त्याच्याशी वर्षभर बोलला नाहीस. लग्नात समोरासमोर आलात तरी तू भाताकडे पाहत राहिलास. वर्षभर, दादा! असा कसा रे तू!

आता माझं ऐक. पल्लवीच्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी गाडी खालून खडखड करायला लागली. अकोल्याहून तिच्या सासरचे यायचे होते, त्यांना एसटी स्टँडवरून आणायचं होतं. पिंपात दगड टाकल्यासारखा आवाज, मला लाज वाटली. तुला फोन लावला असता तर तू सांगितलं असतंस, एक बोल्ट तुटला असेल, तार बांध, मी येऊन पाहतो. पण तू दुसऱ्या दिवशी जेवायलाच येणार होतास, म्हटलं उगाच कशाला. रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्यानं खाली वाकून पाहिलं, म्हणाला, "सायलेन्सरवरचा पत्रा हाये, सैल झाला. फालतू आसते थो. काढून टाकू?" आणि मी म्हटलं, टाक. एवढंच. पाच मिनिटांचं काम. आवाज गेला, मी खूश. सायलेन्सरची धग तळापर्यंत पोचू न देणारा पत्रा तोच, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

डोहाळजेवण झालं आणि मी तुला सोडायला अकोटला निघाले. तू माझ्या शेजारी, पाय सपाट टेकवून. परतवाडा गेलं तशी माझी डावी पोटरी गरम व्हायला लागली. मी विचारलं, "दादा, पायाले गरम लागते का?"

तू डोळे मिटलेस, नेहमीसारखे. "नाई वं. थंडगार हाये."

अंजनगावला चहाला थांबलो. तू टपरीकडे गेलास आणि मी वाकून तुझ्या सीटपुढच्या मॅटला हात लावला. हात चटकन मागे आला. पोळी भाजता येईल असा तळ, आणि तू म्हणाला होतास थंडगार. शुगरनं तुझे पाय बधिर झालेत, हे मला तिथेच समजलं. आपल्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं, मग त्यांचा पाय गुडघ्यापासून काढला. मी टपरीवर आले, तुझ्या हातातला चहा पाहिला आणि म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तू म्हणालास, "गाडी मस्त चालून राहिली. आवाज गेला वाटते." मी मान हलवली आणि चहा प्यायले. माझी जीभ तिखट म्हणून आख्ख्या गावात माझं नाव. आणि तिथे बोलायला भ्याले. तुझ्या अबोल्याला भ्याले.

त्या दिवशी मी तुमच्याकडेच राहिले. सकाळी निघायच्या आधी तू रिवाजाप्रमाणे गाडीखाली गेलास. बराच वेळ खालीच होतास. बाहेर आलास, हात पुसलेस आणि म्हणालास, "थांबत थांबत जा. दर घडीले उभी कर." मला वाटलं, बहिणीची काळजी. त्या सकाळी तीनदा फोन केलास, "पोचली का?" म्हणून. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आठ दिवसांनी वहिनीनं फोनवर सांगितलं की फोड फुटला, हळद लावली. मग ताप. मग अमरावतीचा दवाखाना. मी रोज यायचे, रोज ठरवून यायचे की आज सांगायचं. एकदा तू डोळे मिटून पडला होतास. लहानपणी तुला उठवायचं तर मी तळपायाला बोट लावायची, आणि तू लाथा झाडत, हसत, शिव्या देत उठायचास. त्या दिवशी मी तुझ्या चांगल्या पायाच्या तळव्यावर हळूच बोट फिरवलं. टाचेपासून बोटांपर्यंत. तू जागा होतास, मिटल्या डोळ्यांनी माझ्याशी बोलत होतास, आणि तुला कळलंच नाही. त्यानंतर मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

माझ्याशी बोललास ते शेवटचं वाक्य गाडीचंच. "पोरीले आनाच्या आंदी गाडीखाली एक डाव पायजो. इसरू नको." मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा, तुम्हीच पाहा. एरवी तुला अरेतुरे करणारी मी, त्या दिवशी तोंडातून "तुम्ही" निघालं. तू माझ्याकडे पाहत राहिलास.

काल किल्ली घेतली. आधी अकोटला तुझ्या गॅरेजात जायचं, तिथे काय ते करायचं, नाही जमलं तर गाडी तिथेच सोडून द्यायची, असं ठरवून एकटी निघाले. रस्त्याच्या अर्ध्या भागात लोकांनी हरभरा पसरला होता, गाड्यांनी मळून निघावा म्हणून. त्यावरून गेले आणि दोन मैलांवर वास आला. जळका, गवताचा. गाडी बाजूला घेतली, दार उघडून उडी मारली आणि वीस पावलं पळाले. माणसं बघत होती. धूर नाही, काही नाही. इंजिन बंद करून अर्धा तास निंबाखाली उभी राहिले, मग खाली वाकले. उघड्या सायलेन्सरच्या नळीवर हरभऱ्याचं कुटार, वाळला भुसा, अडकलेलं, टोकाला करपलेलं. पत्रा असता तर तिथे अडकायला जागाच नव्हती. काडीनं सगळं काढलं. तिथून अकोटपर्यंत मी किती वेळा उतरून खाली पाहिलं ते मोजलं नाही.

गॅरेजचं शटर वहिनीनं उघडलं. मी तिला उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. वेल्डिंगवाला, पत्रा, अंजनगाव, सगळं. म्हटलं, वहिनी, मला मारा, पण ऐका. ती मागे गेली आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आतून नवा पत्रा निघाला. कूलरच्या जुन्या टाकीचा कापलेला, कडा वळवून घासलेल्या, चार भोकं पाडलेली. सोबत पुडीत चार बोल्ट आणि वायसर. माझ्या गाडीच्या मापाचा.

"त्यायले माईत होतं," वहिनी म्हणाली. "तू गेली त्याच दिवशी कापाले बसले. म्हने, सुमीनं कोनाचा तरी हात लावून घेतला. सोता सांगन तं लावून देईन. मी म्हटलं, आवो, बहिनीची गाडी हाये, सांगा ना तिले. तं म्हने, पायाचंबी सांगा लागन मंग."

मी म्हटलं, "पायाचं काय?"

"रोज टेस्टर घेऊन तयपायाले टोचून पायत. लागत नाई म्हने. मी दवाखान्यात चला म्हटलं की भेत. लय भेत, सुमे. बाबाचा पाय गेला तसा माया गेला तं गाड्या कश्या पायू म्हने. कोनाले सांगू नको, सुमीले तं नकोच, ते भेते."

मी तिथे जमिनीवर बसले, दादा. तुझ्या त्या तेलकट जमिनीवर. तू गाडीखालून आलास तेव्हा तुला पत्रा नसल्याचं समजलं होतं, आणि त्यावरून फोडाचंही. मला चहाच्या टपरीवर समजलं होतं. दोघांनाही समजलं होतं आणि दोघंही एकमेकांना भ्यालो. तू अबोला धरशील म्हणून मी, आणि मी दवाखान्यात ओढत नेईन म्हणून तू. नेलंच असतं रे. बखोट धरून नेलं असतं. मला तुझा इतका राग आला की तुझा पत्रा उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. पण कडा इतक्या गुळगुळीत घासल्या होत्यास तू, माझा हात कापू नये म्हणून. मग मी तो मांडीवर घेऊन बसले.

पत्रा मीच लावला. गाडी पूर्ण थंड होऊ दिली. जॅक लावला, चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं हातानं फिरवून पाहिली, ब्रेक धरत नव्हता. नळीच्या शेवटाला ओलं फडकं दाबून वहिनीला क्षणभर इंजिन सुरू करायला लावलं आणि सांध्यांना कान दिला, कुठे फुस्स आवाज नव्हता. मग खाली शिरले. तळाला एका जागी रबरी बूच निघून भोक उघडं पडलं होतं, तेही बुजवलं. तू सांगायचास तशी पत्रा आणि नळीमध्ये बोटभर जागा सोडली, तळालाही टेकू दिला नाही. वहिनी वरून पाने देत होती आणि माझे आसू कानात जात होते. चारी बोल्ट आवळल्यावर पत्र्याला मुठीनं ठोकून पाहिलं. खडखडला नाही. तेवढाच वेळ मला भीती वाटली नाही.

आज सकाळी अकोल्याला गेले. पल्लवी दाराशीच तयार होती. गाडीपाशी आली आणि सवयीनं चपला काढायला वाकायला लागली.

"राहू दे पायात," मी म्हटलं.

"आई! मामा रागवन ना." ती बोलून गेली, तू नाहीस हे क्षणभर विसरून.

"नाई रागवनार. घाल चप्पल."

ती चपला घालून बसली. तुझा नियम मी मोडला, दादा, आणि लक्ष्मीची माफी मागितली. माझ्या घरात यापुढे कोणी अनवाणी त्या गाडीत बसणार नाही. मी सोडून. कोणालातरी समजायला हवं ना. अकोटला थांबले, अंजनगावला थांबले, परतवाड्याला थांबले. प्रत्येक ठिकाणी आधी माझा तळपाय टेकवला, मग हात लावला. तळ गार होता. अंजनगावच्या टपरीकडे मला पाहवलं नाही.

घरी आल्यावर पल्लवीला बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मामाच्या पायाचं, माझ्या पत्र्याचं, काही लपवलं नाही. ती रडली. मग मी तिचे पाय मांडीवर घेतले. सात महिन्यांचे सुजलेले पाय. तिनं ओढून घ्यायला पाहिलं, "काय करून राहिली आई, पायाले काय हात लावते!" मी सोडले नाहीत. दारातून येणाऱ्या उजेडात एकेक तळवा उलटा करून पाहिला आणि मग बोट फिरवलं. टाचेपासून बोटांपर्यंत, हळूच, तुझ्या फिरवलं होतं तसं.

पोरगी खिदळली. डोळ्यांत पाणी तसंच, आणि पाय झाडत, पोट धरून ओरडायला लागली, "आई, नको ना, गुदगुल्या होऊन राहिल्या, सोड ना!"

मी सोडत नव्हते, दादा. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते.